उज्जयिनीचा देवास गेट : देऊळ, पेठ आणि वस्ती

महाकालेश्वराच्या दर्शनास निघालेला यात्रेकरू उज्जयिनीच्या स्टेशनावर उतरला, म्हणजे शिप्रेचे पाणी अथवा देवळाचे शिखर दृष्टीस पडण्यापूर्वीच एका गजबजलेल्या भागात येऊन पोहोचतो. त्या भागास देवास गेट म्हणतात. नावात वेस आहे, आणि त्या वेशीची वाट पूर्वेस पवारांच्या देवासकडे जाते. मोटारगाड्यांचा अड्डा, धर्मशाळा, खाणावळी, मिठाईची व पोह्यांची दुकाने, माधव कॉलेज, आणि जवळच माळीपुरा व दौलतगंज या जुन्या वस्त्या, अशी ही सगळी सरमिसळ आहे. दुकान कोठे संपते आणि घर कोठे सुरू होते, हे परक्या माणसास चटकन सांगता येत नाही. तळाशी व्यापार, माडीवर संसार. पुढच्या ओट्यावर गिऱ्हाईक आणि मागच्या चौकात तुळशीवृंदावन.

ज्योतिर्लिंगांच्या यात्रेत आमच्या वाचकांपैकी पुष्कळांनी हा भाग ओलांडला असेल; थांबून पाहिला असेलच असे नाही. देवाच्या ओढीने निघालेल्या माणसाचे लक्ष वाटेवरील घरांकडे जात नाही, आणि ते स्वाभाविकही आहे. परंतु देऊळ आणि देवळाभोवतीची वस्ती यांचा संबंध काय, ती वस्ती कोणी कशी आखावी, आणि आखणारा दारात येऊन उभा राहिला असता तेथील रहिवाशांनी काय म्हणावे, हे प्रश्न आज उज्जयिनीत आहेत, तसे आपल्या प्रत्येक क्षेत्रात आहेत. त्यांचा थोडा इतिहास देवास गेटापाशी उभे राहून सांगावा, असे आम्ही योजिले आहे.

खाली दुकान, वर बिऱ्हाड

नगररचनेच्या आजच्या भाषेत ज्यास 'मिश्र वापराची वस्ती' म्हणतात, ती माळव्यात नवी नाही. १७९२ च्या सुमारास विल्यम हंटर नावाचा एक इंग्रज डॉक्टर आग्र्याहून उज्जयिनीस आला. त्याने आपल्या प्रवासाचे जे वर्णन पुढे प्रसिद्ध केले, त्यात येथील मुख्य बाजारपेठेचे चित्र आहे. रस्ता प्रशस्त, सरळ व दगडी फरसबंदीचा. दोहों बाजूंस दुमजली घरे. रस्त्यावरून पाच-सहा पायऱ्या चढून जावे लागेल असा खालचा दगडी मजला दुकानांचा, आणि विटांचा किंवा लाकडाचा वरचा मजला मालकांच्या राहण्याचा. सव्वादोनशेहून अधिक वर्षांपूर्वीचे हे वर्णन आज पटणी बाजारातून अथवा गुदरीवरून चालताना कोणासही ओळखू यावे असे आहे.

ही रचना कोणा एका वास्तुविशारदाच्या डोक्यातून निघाली नाही. ती धंद्याच्या गरजेतून निघाली. माळव्याची अफू, कापूस व धान्य यांचा व्यापार करणाऱ्या सावकारास आपला माल रात्री डोळ्यांआड ठेवून चालत नसे. देवळात फुले पुरविणाऱ्या माळ्यास पहाटेच्या भस्मारतीपूर्वी उठून पोहोचावे लागे. क्षेत्रोपाध्यायास यजमान केव्हा येईल याचा नेम नसे, म्हणून त्याचे घर हीच त्याची पेढी, आणि परगावच्या यजमानाची उतरण्याची जागाही तीच. पायऱ्या चढून दुकानात जावयाचे, यात पावसाळ्यातल्या पाण्याचा बंदोबस्त होता. माडीवर राहावयाचे, यात चोरांचा होता. ज्यास आज पुष्कळ जण गोंधळ समजतात, त्यात अशी एकेक सोय मुरलेली आहे.

सुखठणकरांची उज्जयिनी

या नगरीशी आमच्या समाजाचा संबंध जुना आणि अभिमानाचा आहे. १२३५ च्या सुमारास दिल्लीच्या सुलतान अल्तमशाने महाकालाचे मंदिर उद्ध्वस्त केले. पुढे जवळजवळ पाचशे वर्षांनी, अठराव्या शतकाच्या चौथ्या दशकात, ते पुन्हा उभे राहिले. राणोजी शिंदे यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखठणकर यांनी ते बांधविले. रामचंद्रबाबा शेणवी होते. कोंकण-गोमंतकाच्या किनाऱ्यावरील एका घराण्याचा पुरुष शिप्रेकाठी जाऊन ज्योतिर्लिंगाचा जीर्णोद्धार करतो, ही गोष्ट त्या काळातील मराठी राज्याचा पसारा किती होता ते दाखविते. पुढील काळातही जिवबादादा बक्षी, लखबादादा लाड, बाळोबातात्या पागनीस अशा शेणवी मुत्सद्द्यांची व सरदारांची नावे शिंदेशाहीच्या कागदोपत्री ठायी ठायी भेटतात.

परंतु देऊळ उभे केले म्हणजे क्षेत्र उभे राहिले असे होत नाही. पूजा करणारे, वाजविणारे, फुले आणणारे, पाणी भरणारे, शिधा देणारे आणि विकत घेणारे असे शेकडो लोक देवळाच्या हाकेच्या अंतरावर वसले, तेव्हाच महाकालाचे क्षेत्र जिवंत झाले. शिंद्यांची राजधानी तेथे असेपर्यंत या वस्तीस बळ होते. १८०१ मध्ये यशवंतराव होळकरांच्या स्वारीने उज्जयिनी पोळली. १८१० मध्ये दौलतराव शिंदे यांनी आपला मुक्काम ग्वाल्हेरजवळच्या लष्करास कायम केला. राजधानी गेली, पण शहर ओसाड पडले नाही. कारण पेठ आणि देऊळ ही दोन्ही जागच्या जागी राहिली होती. पुढे बायजाबाई शिंदे यांनी गोपाळमंदिर बांधविले, तेही भर बाजारात. मंदिर शांत ठिकाणी, वस्तीपासून अलग असावे, असे त्यांस वाटल्याचे दिसत नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या पंचवीस वर्षांत आगगाडी आली आणि देवास गेटाचे रूप पालटले. पूर्वी देवासकडे जाणारा-येणारा माणूस जेथून शहरात शिरे, तेथे आता सबंध हिंदुस्थानातून येणारा यात्रेकरू उतरू लागला. रुळांच्या पलीकडे माधवराव शिंदे यांच्या नावाचे माधवनगर वसले. लोक त्यास फ्रीगंज म्हणतात. तेथील रस्ते सरळ, चौक मोकळे, मध्ये घड्याळाचा मनोरा. अलीकडे वाकड्या-तिकड्या गल्ल्यांचे जुने शहर, पलीकडे दोरी लावून आखलेले नवे. आणि रुळांच्या अलीकडच्या अंगास या दोहोंच्या सांध्यावर देवास गेट. पुढे विनोद मिल, हिरा मिल अशा गिरण्या निघाल्या आणि कामगारांच्या वस्त्याही शहरास जोडल्या गेल्या. त्या गिरण्या आता बंद पडल्या आहेत. मौजेची गोष्ट अशी की आखीव फ्रीगंजातही लोकांनी खाली दुकान आणि वर बिऱ्हाड ही जुनीच रीत चालू ठेवली. आराखडा दरबारचा होता, वापर रहिवाशांचा होता.

इंदूरचा म्हातारा साहेब

आखणारा आणि राहणारा यांची खरी गाठ कशी पडते, याचे सर्वांत बोलके उदाहरण उज्जयिनीहून पंचावन्न किलोमीटरांवरच्या इंदुरात घडले. ते सविस्तर सांगणे अवश्य आहे.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि काही वर्षांत देशभर पसरला. सरकारने त्यावर जे उपाय योजिले त्यांनी लोक रोगाहूनही अधिक भ्याले. पुण्यात रँडसाहेबाच्या अमदानीत गोरे शिपाई घरांत शिरले, देवघरापर्यंत गेले, माणसे ओढून छावण्यांत नेली. त्याचा शेवट २२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंच्या गोळीने झाला. मुंबईत १८९८ मध्ये सुधार ट्रस्ट स्थापन होऊन दाट वस्त्यांतून रुंद रस्ते काढण्याचे काम सुरू झाले. हवा आणि उजेड आला, यात शंका नाही. पण ज्यांची घरे पडली ते कोठे गेले, याचा विचार फारसा झाला नाही. ते शेजारच्या गल्लीत, आधीच दाटलेल्या खोल्यांत जाऊन अधिक दाटीने राहिले. एका ठिकाणची घाण हटविली ती दुसऱ्या ठिकाणी साठली.

अशा काळात, पहिल्या महायुद्धाच्या उत्तरार्धात, तुकोजीराव होळकर (तिसरे) यांच्या दरबाराने पॅट्रिक गेडिस यांस इंदूरची नगररचना सुचविण्यासाठी पाचारण केले. गेडिस स्कॉटलंडचे, १८५४ मध्ये जन्मलेले. मूळ अभ्यास वनस्पतिशास्त्राचा. झाड जसे मुळासकट समजून घ्यावे तसे शहर समजून घ्यावे, हा त्यांचा आग्रह. १९१७ हे वर्ष त्यांस फार कठीण गेले. एप्रिलात थोरला मुलगा फ्रान्समध्ये लढाईत पडला आणि जूनमध्ये पत्नी कलकत्त्यास निवर्तली. साठी उलटलेला हा दाढीवाला वृद्ध मनात असे दुःख घेऊन इंदूरच्या गल्ल्यांतून हातात नकाशा धरून हिंडत होता.

इंदूरचे लोक त्यांस पाहून दूर सरत. बायका मुलांस आत ओढून घेत. गेडिस यांनी बरोबरच्या माणसांस याचे कारण विचारले. लोक म्हणतात की हाच तो प्लेग आणणारा म्हातारा साहेब, असे उत्तर मिळाले. साहेब नकाशा घेऊन येतो, त्यामागून घरे पाडणारे येतात, माणसे मरतात, एवढेच लोकांनी आजवर पाहिले होते. त्यांचा तर्क शास्त्राच्या दृष्टीने चुकला असेल. अनुभवाच्या दृष्टीने तो चुकला असे आम्हांस म्हणवत नाही.

दुसरा कोणी असता तर अज्ञानी रयतेस दोष देऊन मोकळा झाला असता. गेडिस यांनी महाराजांकडे एक विलक्षण मागणी केली. आपणास एका दिवसापुरते इंदूरचे राजे करावे. महाराजांनी ती मान्य केली. मग शहरात जाहीर झाले की यंदाच्या दिवाळीची मिरवणूक नेहमीच्या हिंदूंच्या मार्गाने जाणार नाही आणि मुसलमानांच्या ताबुतांच्या मार्गानेही जाणार नाही. ज्या मोहल्ल्यांतील लोक आपली घरे, अंगणे व गल्ल्या अधिक स्वच्छ आणि नीटनेटकी करतील, त्या रस्त्यांवरून ती जाईल. कचरा दरबार फुकट वाहून नेईल.

याचा परिणाम काय झाला, ते पुढे गेडिस स्वतः सांगत असत. घराघरांतून वर्षानुवर्षांची अडगळ बाहेर पडली. त्यांच्या सांगण्याप्रमाणे सहा हजारांवर गाड्या कचरा शहराबाहेर गेला आणि उंदीर तर हजारोंनी पकडले गेले. लोकांनी भिंती सारविल्या, रंगविल्या, मोडकी दारे दुरुस्त केली. मिरवणूक आपल्या दारावरून जावी, ही ओढ दंडाच्या भीतीपेक्षा बलवत्तर ठरली. त्या दिवशी हत्ती-घोडे, शेतीची व कापसाची समृद्धी दाखविणारे देखावे आणि लक्ष्मी यांच्या मागोमाग रोगाचे व घाणीचे राक्षस आणि प्लेगचा भला मोठा उंदीर निघाला. त्यानंतर शहराचे झाडूवाले आले. अंगावर शुभ्र कपडे, डोक्यास नवे फेटे, हातात नवे झाडू, बैलांची शिंगे रंगविलेली. ज्यांची सावली लोक टाळीत, ते त्या दिवशी मिरवणुकीत मानाने चालले. मागून नव्या शहराचे आराखडे व घरांचे नमुने लोकांस दाखवीत नेले, आणि घरोघरी लावण्यासाठी तुळशीची रोपे वाटली. अखेरीस उंदरासह राक्षसांचे दहन झाले.

साथ ओसरली. काही अंशी स्वच्छतेने आणि काही अंशी ऋतुमान पालटल्याने, हे गेडिस यांनी प्रांजळपणे मान्य केले आहे. पण यानंतर ते रस्त्याने निघाले म्हणजे लोकांचे चेहरे उजळत. प्लेग आणणारा साहेब आता प्लेग घालविणारा साहेब झाला होता.

१९१८ मध्ये त्यांचा इंदूरविषयीचा अहवाल दोन खंडांत प्रसिद्ध झाला. जुनी वस्ती सरसकट पाडून रुंद रस्ता काढण्यास त्यांचा विरोध होता. गल्लीगल्लीतून पायी हिंडावे, घर न् घर पाहावे, जे खरोखर मोडकळीस आले आहे तेवढेच काढावे, त्या जागी लहानसा चौक, एखादे झाड, दुरुस्त केलेली विहीर अथवा पार असू द्यावा, आणि बाकीची वस्ती जागच्या जागी राखावी, ही त्यांची पद्धत. चांगला शस्त्रवैद्य जसा रोगट तेवढाच भाग काढतो आणि अवयव वाचवितो, तसे हे. तिला खर्च कमी लागतो आणि माणसे देशोधडीस लागत नाहीत. अर्थात् अहवालातील सर्वच गोष्टी घडल्या नाहीत. पुष्कळ कागदावरच राहिल्या. पण रहिवाशांचा राग हा अडथळा नसून रोगनिदानाचाच एक भाग आहे, हा धडा इंदूरने घालून दिला.

या धड्याचा एक धागा आमच्या समाजापर्यंत येतो. इंदूरनंतर गेडिस मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले. त्यांच्या शिफारसीने विलायतेस शिकावयास गेलेला एक तरुण १९२४ मध्ये त्याच विभागाचा प्रमुख होऊन परतला. मालवणास १८९३ मध्ये जन्मलेले हे सारस्वत गृहस्थ म्हणजे डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये. भारतीय समाजशास्त्राच्या दोन-तीन पिढ्या त्यांच्या हाताखाली तयार झाल्या.

रथबीदी आणि सवारी

गेडिस यांस मिरवणुकीची युक्ती सुचली ती आकाशातून नव्हे. हिंदुस्थानातील देवळांचे उत्सव त्यांनी डोळे उघडे ठेवून पाहिले होते. आमच्या वाचकांस यासाठी दूर जावयास नको. मंगळूरच्या वेंकटरमण देवस्थानाभोवतीची रथबीदी आठवावी. 'कोडियाल तेरु' म्हणून जो रथोत्सव प्रसिद्ध आहे, त्याच्या रथास फिरावयास जेवढी जागा हवी तेवढी त्या रस्त्याने सोडलीच पाहिजे. कोणी ओटा पुढे ओढावयाचा नाही, कोणी पडवी रस्त्यावर आणावयाची नाही. वर्षातून एकदा देव स्वतः रस्ता मोजून जातो! आणि त्याच बीदीवर दुकाने आहेत, पेढ्या आहेत, घरे आहेत. देवाचा रस्ता आणि पोटाचा रस्ता तेथे एकच आहे.

उज्जयिनीतही तसेच. श्रावणातील प्रत्येक सोमवारी महाकालाची पालखी मंदिरातून निघते, ती गुदरी, बक्षी बाजार, कहारवाडी या मार्गाने रामघाटावर जाते. शिप्रेच्या पाण्याने पूजन झाल्यावर कार्तिक चौक, ढाबा रोड, छत्री चौक, गोपाळमंदिर, पटणी बाजार असा फेरा घालून परत येते. महाकाल हा उज्जयिनीचा राजा, आणि राजा आपल्या प्रजेची खबर घेण्यास निघतो, अशी लोकांची श्रद्धा आहे. या सवारीत मराठी अमदानीची एक खूण आजही दिसते. उत्तरेकडचा श्रावण पौर्णिमेस संपतो. तरी सवारी पुढे अमावास्येपर्यंतच्या सोमवारीही निघते, कारण मराठी पंचांगाप्रमाणे तो श्रावण वद्य पक्षच असतो. वैकुंठ चतुर्दशीच्या मध्यरात्री महाकाल गोपाळमंदिरात हरीच्या भेटीस जातो, तोही बाजारातूनच. या मार्गावरील प्रत्येक दुकानदार आणि प्रत्येक माडीवरची गृहिणी त्या रात्री यजमान असते. तेथे राहणारे लोकच उरले नाहीत तर राजाने खबर घ्यावी कोणाची?

वस्ती विभागण्याचे शास्त्र

विसाव्या शतकात पाश्चात्त्य देशांत दुसराच विचार बळावला. घरे एकीकडे, दुकाने दुसरीकडे, कारखाने तिसरीकडे, असे शहराचे कायद्याने विभाग पाडावेत, हा तो विचार. १९१६ मध्ये न्यूयॉर्कने असा नियम केला. १९२६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला. गिरण्यांचा धूर व कातड्यांची दुर्गंधी घरांपासून दूर ठेवण्यापुरता तो योग्यच होता. पण त्याचा अतिरेक झाला. दिवसा ओस पडणाऱ्या घरांच्या वस्त्या आणि रात्री ओस पडणाऱ्या कचेऱ्यांच्या वस्त्या निर्माण झाल्या. १९६१ मध्ये जेन जेकब्स या बाईंनी अमेरिकन शहरांच्या मरणाविषयी व जीवनाविषयी ग्रंथ लिहून दाखवून दिले की ज्या रस्त्यावर दुकान, घर आणि कामाची जागा एकत्र असतात, त्या रस्त्यावर सर्वकाळ कोणाची तरी नजर असते आणि म्हणून तो सुरक्षित राहतो. पटणी बाजारातील दुकानदाराच्या आजीस हे ग्रंथ न वाचता ठाऊक होते.

रहिवासी केवळ गाऱ्हाणे सांगतात असेही नव्हे. ते स्वतः रचनाही करतात. मुंबईत सुधार ट्रस्टच्या काळात जागेची टंचाई असता १९१५ मध्ये श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्या पुढाकाराने गावदेवीस सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था निघाली. आपल्या देशातील सहकारी गृहनिर्माणाचा तो आरंभ मानतात. लहान पगाराच्या कारकुनांनी वर्गणी गोळा केली, जमीन घेतली आणि आपल्याला कसे राहावयाचे आहे ते आपण ठरविले. आराखड्याविरुद्ध हरकत घेणे हा जसा रहिवाशाचा हक्क आहे, तसा आपला आराखडा पुढे ठेवणे हाही आहे, हे त्या मंडळींनी कृतीने सांगितले.

आजची उज्जयिनी

आता वर्तमानाकडे वळू. गर्दीचे संकट खरे आहे, ते नाकारून चालणार नाही. १५ जुलै १९९६ रोजी सोमवती अमावास्येस महाकाल मंदिरात चेंगराचेंगरी होऊन तीसहून अधिक भाविक प्राणांस मुकले. अरुंद वाटा, एकच दार आणि अफाट लोक यांचे ते फळ होते. त्यानंतर जागा मोकळी करा, असे कोणी म्हटले तर त्यास वस्तीचा शत्रू समजणे अन्यायाचे होईल. ११ ऑक्टोबर २०२२ रोजी मंदिरालगतच्या 'महाकाल लोक' या विस्तीर्ण परिसराचे उद्घाटन झाले. सुमारे नऊशे मीटर लांबीच्या या मार्गात १०८ स्तंभ व शिवकथांची शिल्पे आहेत. त्यानंतर यात्रेकरूंचा ओघ अतोनात वाढला आहे, आणि २०२८ चा सिंहस्थ समोर आहे.

परंतु मोकळी केलेली प्रत्येक जागा पूर्वी कोणाची तरी होती. जानेवारी २०२५ मध्ये मंदिराजवळच्या निजामुद्दीन कॉलनीतील अडीचशेवर घरे व तकिया मशीद पाडण्यात आली. सरकारने मोबदला दिला, तरी तंटा न्यायालयापर्यंत गेला. याउलट २०२४ मध्ये के. डी. गेटाच्या रस्त्याचे रुंदीकरण झाले, तेव्हा देवळे, मशिदी व मजार मिळून अठरा धर्मस्थाने मार्गात येत होती. तेथे आधी बोलणी झाली आणि लोकांच्या संमतीने ती हटविण्यात अथवा मागे घेण्यात आली. सिंहस्थाच्या जमिनीवर कायमची बांधकामे करण्यासाठी जी एकत्रीकरणाची योजना निघाली, तीस शेतकऱ्यांनी विरोध केला, आणि २०२५ च्या अखेरीस ती मागे घेण्याची घोषणा सरकारास करावी लागली. तीन प्रसंग, एकच शहर. जेथे आधी विचारले तेथे वाट निघाली. जेथे विचारण्यास उशीर झाला तेथे एक तर तंटा उरला किंवा योजनाच परतवावी लागली.

मध्य प्रदेशात १९७३ चा नगर व ग्राम निवेश कायदा आहे. आराखडा पक्का करण्यापूर्वी तो प्रसिद्ध करावा आणि लोकांच्या हरकती व सूचना मागवाव्यात, अशी त्यात तरतूद आहे. कायदा चांगला आहे. पण कचेरीच्या भिंतीवर लावलेला नकाशा फुले विकणाऱ्या बाईस वाचता येत नाही, आणि हरकत कोणत्या भाषेत कशी लिहावी हे तिला कोणी सांगत नाही. गेडिस यांनी नकाशा मिरवणुकीत नेला, तो याचसाठी.

या प्रश्नाकडे आम्ही परक्याच्या नजरेने पाहू शकत नाही. सोळाव्या शतकात गोमंतकात पोर्तुगीजांचा जुलूम झाला, तेव्हा कुशस्थळीचा मंगेश नदीपार प्रियोळास न्यावा लागला, केळोशीची शांतादुर्गा कवळ्यास गेली. आपल्या पूर्वजांनी देव वाचविले. ही त्यांची थोरवी. पण कुशस्थळीची ती आळी, देवळाभोवतीचे ते शेजार, त्या पायवाटा वाचविता आल्या नाहीत. कुळावी चहूंकडे पांगले, कोणी कारवारास, कोणी मंगळुरास, कोणी कोचीस गेले. आज आपण कुलदेवतेच्या दर्शनास जातो ते यात्रेकरू म्हणून. शेजारी म्हणून नव्हे. तो जुलूम होता आणि आजची कामे सोयीसाठी होतात, हा भेद आम्ही जाणतो. हेतूत भेद असला, तरी उठविलेल्या माणसाच्या मागे राहिलेली पोकळी सारखीच असते. देव हलविता येतो, देऊळ पुन्हा बांधता येते. विस्कटलेला शेजार पुन्हा बांधावयास पिढ्या लागतात.

म्हणून आमचे म्हणणे इतकेच. वाटा रुंद व्हाव्यात, दारे वाढावीत, रोगराई व चेंगराचेंगरी टळावी. परंतु महाकालाच्या दारापासून देवास गेटापर्यंत जी माणसे खाली दुकान आणि वर बिऱ्हाड करून राहिली आहेत, त्यांस क्षेत्राची अडगळ न मानता क्षेत्राचे सेवेकरी मानावे. त्यांच्यापाशी नकाशा घेऊन आधी जावे. त्यांच्या रागातही माहिती असते: कोणती विहीर पाणी देते, कोणत्या कोपऱ्यावर गर्दी कोंडते, कोणते घर खरोखर पडावयास आले आहे. आपल्या गावच्या देवस्थानांच्या समित्यांवर जी मंडळी आहेत, त्यांनीही जीर्णोद्धाराचा संकल्प सोडताना देवळाच्या आवाराबरोबर आवाराबाहेरच्या आळीचाही विचार करावा.

पुढच्या खेपेस उज्जयिनीस जाल तेव्हा देवास गेटापाशी उतरून लगेच रिक्षात बसू नका. पटणी बाजार, गुदरी अशा जुन्या गल्ल्यांतून महाकालापर्यंत पायी जा. वाटेत कोणी माडीवरून वाळवण काढीत असेल, कोणी ओट्यावर हार गुंफीत असेल. रामचंद्रबाबांनी उभारलेल्या देवळाचा तो बाहेरचा प्रदक्षिणामार्ग आहे.